आईच्या मातीला कोण आलं होतं

बरबँक, कॅलिफोर्निया
१२ जानेवारी १९५९

झोशा,

हे पत्र तुझी सेक्रेटरीण उघडत असेल, तर बाई गं, एवढी कृपा कर, हे मॅडमच्या हातात दे. हे चाहतीचं पत्र नाही. सहीचा फोटो नको. मी तिची थोरली बहीण. हो, तिला एक बहीण आहे.

आता तूच वाचते आहेस असं धरून चालते.

बाबा फार आजारी आहेत. काझिकचं पत्र आलं. छातीत कोळसा बसलाय तो काही आजचा नाही, पण आता त्यांना जिनाही चढवत नाही. खाट खाली स्वयंपाकघरात, शेगडीच्या शेजारी आणून टाकलीय. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. मी उलट टपाली लिहिलं, रजा काढते आणि निघते. त्यावर आपल्या धाकट्या भावाचं उत्तर काय, तर 'ताई, येऊ नकोस. बाबा म्हणतात, आईच्या मातीला ब्रोन्या नव्हती, मग माझ्या मातीला कशाला?'

वाचून मी हसले. खरंच हसले. मग कामावर गेले आणि एका म्हाताऱ्याची नवीकोरी कवळी हातातून पाडली. मी दाताच्या डॉक्टरांकडे काम करते, तुला माहीत नसेल.

झोशा, आईच्या मातीला मी होते. तुझा काळा कोट, तुझी टोपी, तोंडावर तुझी काळी जाळी आणि हातात तुझे मोजे घालून मी उभी होते. तू नव्हतीस. हे सगळ्या जगात तिघांनाच ठाऊक होतं. तुला, मला आणि स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यातल्या डेलनीला. डेलनी गेल्या वर्षी वारला. म्हणजे उरलो आपण दोघी. मी बाबांना किती वेळा लिहिलं, की बाबा, पेपरातल्या फोटोखाली नाव तिचं आहे पण बाई मी आहे. एकाही पत्राला उत्तर नाही. मी आपली आपल्या बाजूनं बोलणार, असंच त्यांना वाटत असणार. तू सांगितलंस तर मात्र ऐकतील. तुझं आजवर सगळ्यांनीच ऐकलंय.

मला तुझ्याकडून दुसरं काही नको. बाबांना चार शब्द लिही: 'मी नव्हते, ब्रोन्या होती.' पोलिश विसरली असशील तर इंग्रजीत लिही, काझिक वाचून दाखवेल.

मी त्यांना एकदा भेटेन म्हणते. त्यांनी माझ्याकडे तोंड करून बोलावं, एवढंच.

ब्रोन्या


बरबँक
२० फेब्रुवारी १९५९

झोशा,

उत्तर नाही. रोमचं टपाल इतकं वाईट असेल असं वाटत नाही.

काल दुपारी दवाखान्यातल्या टीव्हीवर तुझा सिनेमा लागला होता. साबणवाल्यांच्या जाहिरातींनी दर दहा मिनिटांनी त्याचा गळा कापला होता. मिसेस ग्रूबर गालावर हात दाबून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ही सिल्व्हिया कॅरू ना? ही मेली नाही का?"

मी म्हटलं, "नाही हो. रोममध्ये असते."

"अगंबाई! काय करते तिथं?"

"पहिलवानांची आई होते."

खोटं का बोलू? तुझं नव्या सिनेमाचं छायाचित्र मी मासिकात पाहिलं. तू अजून चाळिशी गाठली नाहीस आणि तुझा मुलगा पस्तिशीचा, तेल लावलेला, सिंहाशी झोंबी घेतोय. मी आधी हसले. मग ते पान उलटं करून ठेवलं. तुझे डोळे फार थकलेले दिसत होते.

कालच्या सिनेमात तो गच्चीचा प्रसंग होता. तुझ्या गालावर कठड्याची जी सावली पडते, तिची वाहवा झाली होती, आठवतं? ती सावली आधी माझ्या गालावर बसवली होती. त्या दिव्यांखाली तासभर उभी राहून माझ्या कानशिलातून घाम गळत होता आणि कॅमेरावाला ओरडत होता, "हनुवटी खाली, ब्रोनी, हनुवटी!" उंची तीच, रंग तोच, नाकही आपलं वोयतास घराण्याचं. म्हणून तर ठेवलं मला. 'दुसरी टीम!' असं ओरडले की मी जाऊन उभी राहायची. दिवे लागले, खुणा झाल्या की 'पहिली टीम!' आणि तू यायचीस, थंडगार, पावडर लावलेली. वाटेत मला चिमटा काढून जायचीस. त्या चिमट्यासाठी मी अख्खा दिवस उभी राहू शकत होते. तुझी जागा मला कधी हवीशी वाटली नाही, झोशा. लोकांना हे पटत नाही.

आपण तिघी गाडीतून इकडे आलो तेव्हाची आई आठवते. तू सतरा वर्षांची, जत्रेतल्या रूपाच्या स्पर्धेत 'कोळसा-राणी' झालेली. आईनं पडद्याच्या कापडाचा झगा शिवला होता तुला. बाबा खाण सोडून यायला तयार नव्हते आणि काझिक शाळेत होता. आई म्हणाली होती, सहा महिन्यांत पोरीची हौस फिटेल, परत येऊ. मग स्टुडिओनं तुझे दात बदलले, नाव बदललं, कपाळावरचे केस विजेच्या सुईनं उपटून कपाळ मोठं केलं. तू घरी येऊन आईच्या मांडीवर पडायचीस आणि आई ताकात भिजवलेलं फडकं तुझ्या कपाळावर ठेवायची. शिव्या मात्र स्टुडिओला पोलिशमध्ये घालायची.

आणि डेलनीनं बाबांना जहाजाचे कप्तान करून समुद्रात बुडवलं. 'पोरक्या सिल्व्हियाचे वडील वादळात गेले.' तिकडे खाणीत माणसं नेणारा पिंजरा खाली उतरताना लोक बाबांना विचारायचे, "काय कप्तान, आज समुद्र कसा आहे?" बाबा म्हणायचे, "काळा." काझिक हे हसत हसत सांगायचा. पण बाबांनी तुझा एकही सिनेमा पाहिला नाही, हे तुला कोणी सांगितलं होतं का?

आई गेली त्या आठवड्याबद्दल मी आजवर तुझ्याशी बोलले नाही. आता बोलते. तू लग्नाच्या नाचाचा प्रसंग करत होतीस. शुक्रवारी आईची माती, इथंच कॅलिफोर्नियात, आणि शुक्रवारीच नाच उरकून तो दिवाणखान्याचा सेट पाडायचा होता. बाबा तिकडे न्यूमोनियानं इस्पितळात, काझिक पलटणीबरोबर जर्मनीत. आईचं असं इथं कोण होतं? आपण दोघीच. आणि सकाळी डेलनी टोपीचा डबा घेऊन माझ्या दारात.

म्हणाला, "ब्रोनी, रोज करतेस तेच करायचंय. फक्त उभं राहायचं."

मी म्हटलं, "अहो, ती माझी आई आहे."

"म्हणून तर छान जमेल," तो म्हणाला. "फक्त रडणं बेतानं. मिस कॅरू हुंदके देत नाहीत."

त्यानं सांगितलं की स्टुडिओ तुला सोडत नाही. गेलीस तर करार मोडेल आणि तुला घरी बसवतील. माझ्या पोरक्या बहिणीची भाकरी जाईल या भीतीनं मी जाळी तोंडावर ओढली. आईला खाली सोडलं तेव्हा मी ओठ चावून धरले होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो: 'शोकाकुल सिल्व्हिया एकाकी.' खाली बारीक अक्षरात, 'स्टुडिओतच काम करणारी सख्खी बहीण मात्र फिरकली नाही.' आपल्या लोकांच्या पोलिश पेपरानं ते जसंच्या तसं उचललं. तुझ्या मेकअपच्या खोलीत मी ते तुझ्यासमोर धरलं. तू आरशातूनच बघितलंस. म्हणालीस, "चार दिवसांनी कोणाला आठवणारही नाही, ब्रोन्या."

बाबांना आठवतंय. त्यांना लिही.

ब्रोन्या


बरबँक
१४ मार्च १९५९

तुझी तार मिळाली. 'येणं अशक्य. चित्रीकरण. बाबांना प्रेम. सिल्व्हिया.'

मी तुला ये म्हटलंच नव्हतं. लिही म्हटलं होतं. आणि बाबांना सिल्व्हिया नावाची कोणी मुलगी नाही.

हा सिनेमा हातचा गेला तर पुढचा कोण देणार, म्हणून तू हललीही नसशील. मला कळतं ते. दोन नवरे झाले, दोघेही गेले, स्टुडिओनं नारळ दिला, शाम्पूच्या जाहिरातीतून पण वय झालं म्हणून काढलं. हे सगळं मी मासिकांतून वाचलं आणि दर वेळी वाटलं, फोन करावा. केला नाही. मीही आपल्या बाबांचीच मुलगी.

मी जातेय. दारात उभी राहीन. हाकललं तर शेजारच्या मिसेस पाव्लाककडे राहीन. काझिककडे आता फोन आलाय, नंबर खाली देते. पुढचं तू जाण आणि तुझा देव जाणे.

ब्रोन्या


ब्लॅक क्रीक, पेन्सिल्व्हेनिया
३० मार्च १९५९, ईस्टरचा सोमवार

झोशा,

बाबांनी हाकललं नाही. हाकललं असतं तर बरं झालं असतं.

मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. किती लहान झालेत गं. हातांच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्यात, नखांतला कोळसा तेवढा पहिल्यासारखा. माझ्याकडे पाहिलं. पुरतं पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. मग भिंतीकडे तोंड केलं आणि काझिकला म्हणाले, "त्या बाईला कॉफी दे. लांबून आलीय."

त्या बाईला!

तेव्हापासून मी दिवसा इथं भांडी घासते, त्यांच्या चादरी धुते, त्यांना पाठीमागून धरून खोकू देते. माझा हात चालतो त्यांना. माझं नाव चालत नाही. पाणी हवं असलं की म्हणतात, "कोणी आहे का तिथं?" मी नेऊन देते. संध्याकाळी मिसेस पाव्लाककडे जाऊन झोपते. ती बिचारी रोज विचारते, "आज बोलला का म्हातारा?"

काल सणाची न्याहारी. शनिवारी मी आणि काझिकची बायको हॅटी, दोघी टोपली घेऊन चर्चमध्ये गेलो, फादरांनी अंड्यांवर, सॉसेजवर पाणी शिंपडलं. सगळं आईच्या वेळेसारखं. काल बाबांना कोट घालून खुर्चीत बसवलं. अंडं कापायचा मान त्यांचाच. काझिकला सुरीला हात लावू दिला नाही. प्रत्येकाला एक फोड आणि एक आशीर्वाद. काझिकला म्हणाले, "छप्पर नीट कर." हॅटीला, "कंबर सांभाळ." त्यांच्या पोरींना, "भांडू नका." ताटली फिरत माझ्यापर्यंत आली तेव्हा तिच्यात नुसतं मीठ होतं.

हॅटीला राहवलं नाही. "बाबा, अहो सणाचा दिवस. एक फोड द्या की ताईंना."

"सणाचा दिवस आहे," बाबा म्हणाले, "म्हणूनच. घरच्या माणसांना द्यायची असते."

काझिकनं आपली फोड अर्धी मोडून माझ्याकडे सरकवली. मी ती खाल्ली नाही. त्यांनी दिली नव्हती, मग कशी खाणार? परसात जाऊन कोंबड्यांपाशी उभी राहिले. तिथं मला तुझा इतका राग आला, की तू समोर असतीस तर झिंज्या धरल्या असत्या. लहानपणी धरायचे तशा.

डॉक्टर म्हणतात, आता दिवसांचीच गोष्ट आहे. मी आणखी भीक मागणार नाही. नंबर तुझ्याकडे आहे.

ब्रोन्या


ब्लॅक क्रीक
१२ एप्रिल १९५९

झोशा,

फोन ठेवल्यावर इथं काय झालं, ते तुला कळायलाच हवं. म्हणून लगेच लिहायला बसलेय.

आधी एक सांगते. इथली फोनची तार सगळ्या गल्लीची मिळून एक. कोणाकडेही घंटी वाजली की घराघरांत हळूच उचलतात. रोमहून फोन म्हटल्यावर तर काय, चुलीवरचं दूध सोडून बाया कानाला लावून बसल्या होत्या. तू बोलत असताना मधेच नाक शिंकरल्याचा आवाज आला ना, ती मिसेस पाव्लाक. काझिक ओरडला, "मावशी, फोन ठेवा!" तर म्हणते कशी, "मी कुठं काय ऐकतेय!" म्हणजे तू जे बोललीस ते बाबांनी ऐकलं, मी ऐकलं आणि अख्ख्या ब्लॅक क्रीकनं ऐकलं. तुझं पोलिश अजून चांगलं आहे.

तू म्हणालीस, "बाबा, आईच्या मातीला मी नव्हते. ब्रोन्या होती." मी रिसीव्हर बाबांच्या कानाला धरून बसले होते. आवाज बाहेरपर्यंत येत होता. एवढंच तर मी मागितलं होतं. तू तिथं थांबली नाहीस. म्हणालीस, "स्टुडिओनं मला अडवलं नव्हतं बाबा. अर्धा दिवस देत होते. मीच डेलनीला म्हटलं, ब्रोन्याला पाठव. मला आईचं मेलेलं तोंड बघवलं नसतं. मी नाचत होते तेव्हा. दिवसभर हसत हसत नाचत होते."

करार मोडेल, भाकरी जाईल, या भीतीनं मी जाळी ओढली, आणि करार कधी मोडणारच नव्हता.

मग बाबांनी तुला विचारलं, "जेवलीस का?" तू रडत हो म्हणालीस. "तिथं भाकरी चांगली मिळते?" मग खोकला आला, म्हणून मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल ते रागावले. नाही.

खोकला थांबला. मी पाणी दिलं. म्हटलं, "ऐकलंत ना बाबा? मी होते तिथं. आता तरी पटलं?"

तर म्हणाले, "मला कुठं नवीन आहे ते? फोटो आला त्या दिवसापासून ठाऊक आहे."

मी पेला खाली ठेवला.

"तुम्हा दोघींच्या बुटांच्या टाचा कोण ठोकायचं? तुझी उजवी टाच आत घासते. फोटोत बाई कशी उभी होती? उजवा पाय आत. जाळी तोंडावर घातली होती, पायावर नव्हती."

"मग?" मी ओरडलेच. आजारी माणसावर ओरडले. "मग बारा वर्षं मला का जाळलंत? मी होते हे माहीत होतं, तरी म्हणत राहिलात, नव्हती म्हणून!"

"ब्रोन्या नव्हतीच," ते म्हणाले. दम लागत होता, एकेक शब्द खाणीतून वर ओढल्यासारखा येत होता. "फादरांनी विचारलं असेल, कोण आलंय हिचं? तू काय सांगितलंस? गेलेल्या बाईचं पोर तिथं उभं आणि नाव सांगतंय परक्या बाईचं. तुझी आई कोणाच्या हातची माती घेऊन गेली, सांग. झोशाचं मला काही वाटलं नाही. ती लहानपणापासून पळणारी. अंधाराला भिऊन पळायची, कोंबडी कापताना पळायची. तू उभी राहणारी. मी म्हणायचो, माझ्यामागं आईपाशी कोणी नसलं तरी ब्रोन्या उभी राहील. आणि तू उभी राहिलीस, ती दुसरीच होऊन."

"तुम्ही एकदा तरी लिहायचं होतंत."

"तू लिहीत होतीस, मी गेले होते, मी गेले होते. मी वाट बघत होतो, कधी लिहिशील की जायला नको होतं तशी." मग डोळे मिटून म्हणाले, "माझंही चुकलं. एवढं ताणायला नको होतं. म्हाताऱ्याला हट्टाशिवाय दुसरं काय असतं?"

इतकी वर्षं मी तुझ्या तोंडच्या चार शब्दांकडे डोळे लावून बसले होते, आणि ते शब्द त्यांना नकोच होते.

मग त्यांनी मला पहिल्यांदा हाक मारली. "ब्रोन्या, इकडे बस. सांग, आईला कसं नेलं?"

मी सगळं सांगितलं. पेटी कुठल्या लाकडाची, आईला निळा झगा घातला होता, हातात तिची जपमाळ होती, फादर आयरिश होते आणि आईचं नाव त्यांना नीट घेता आलं नाही. बाबा म्हणाले, "आणि तू रडलीस का?"

"नाही. रडू नको म्हणाले होते. मिस कॅरू हुंदके देत नाहीत."

"मग आता रड," बाबा म्हणाले. "इथं कोणी कॅरूबिरू नाही."

झोशा, मी रडले. आपल्या खाणीवरच्या बाया रडतात तशी, तोंड उघडं टाकून, आईला हाका मारून. हॅटी धावत आली आणि दारातच थांबली. बाबांनी त्यांचा तो खरखरीत हात माझ्या डोक्यावर ठेवला होता, आणि खोकला आला तरी काढला नाही.

हे सगळं झालं ते तुझ्या फोनमुळे झालं. म्हणून तुझे उपकार मानते. आणि 'ब्रोन्याला पाठव' हे तू म्हणालीस, याचा मला राग आहे, तोही लिहून ठेवते. दोन्ही खरं आहे. बाबा म्हणतात, झोशाला सांग, एकदा येऊन जा म्हणावं, काळ्या समुद्राच्या कप्तानाला बघून जा म्हणावं. स्वतःच हसले आणि मग खूप खोकले.

ये. आता खरंच म्हणते, ये.

ब्रोन्या


ब्लॅक क्रीक
४ मे १९५९

झोशा,

बाबांची माती शनिवारी झाली. तुझी तार आली होती, शुक्रवारच्या विमानानं निघतेय म्हणून. काझिक दोनदा गाडी घेऊन विमानतळावर जाऊन आला. शनिवारी सकाळीही तुझी वाट बघितली. फादर दोनदा घड्याळाकडे बघून गेले. शेवटी मीच म्हटलं, चला.

तू विमानतळापर्यंत तरी गेली होतीस का? मला वाटतं गेली असशील. सामान घेऊन, काळा चष्मा लावून, आणि तिथून माघारी. मी तुला ओळखते. बाबाही ओळखत होते. शेवटच्या दिवशी म्हणाले, "ती नाही आली तर तिला बोलू नकोस." म्हणून बोलत नाही. झालं ते सांगते.

सगळं गाव आलं होतं. चेहऱ्यावर कोळशाचे काळपट डाग असलेले सगळे म्हातारे ओळीनं उभे होते, खोकत. चर्चमधून बाहेर पडताना शहरातला एक बातमीदार आडवा आला, बरोबर फोटोवाला. कोणीतरी सांगितलं असणार, की सिल्व्हिया कॅरूचा बाप खाणीत होता म्हणे, कप्तानबिप्तान काही नव्हता. मी काळ्या कपड्यांत, डोक्याला रुमाल. आपलं नाक अजून एकच आहे. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, "मिस कॅरू? वडिलांच्या अंत्यविधीला इतक्या लांबून आलात, दोन शब्द बोलाल का?"

मिसेस पाव्लाकनं माझा दंड दाबला. कानात म्हणाली, "हो म्हण गं. पोरीची लाज राख. आपली कोळसा-राणी आहे ती." हॅटीही म्हणाली, "म्हणून टाका ताई, काय जातंय आपलं?" फोनवरून सगळं ऐकलेल्या बाया होत्या त्या. तरी सगळ्यांना वाटत होतं मी हो म्हणावं. तुझ्यावर त्यांची माया आहे, झोशा. तुला ठाऊक नसेल.

आणि माझ्याही जिभेवर 'हो' आलं होतं. हो म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी पेपरात आलं असतं, की बापाला माती द्यायला सिल्व्हिया रोमहून धावत आली. रोममध्ये तो पेपर कोणीतरी वाचला असता. कदाचित तुला आणखी एक सिनेमा मिळाला असता. मला हे सगळं एका क्षणात दिसलं, आणि तुझे ते मासिकातले थकलेले डोळेही दिसले.

मी म्हटलं, "नाही. मी ब्रोनिस्लावा वोयतास. यांची थोरली मुलगी."

"आणि मिस कॅरू?"

"ती आलेली नाही."

त्यानं तसंच छापलं. रविवारी आलं. काझिकनं पेपर माझ्यापासून लपवून ठेवला होता, मी शोधून वाचला. तुझ्याबद्दल जे लिहिलंय ते मला पुरं वाचवलं नाही. माझ्याबद्दल लिहिलं होतं तेव्हा झालं होतं तसंच झालं. मला वाटलं होतं, एक दिवस तुला हे भोगावं लागलं की मला गार वाटेल. नाही वाटलं. मी दिवसभर जेवले नाही.

आता शेवटचं. बाबांना खाली सोडल्यावर आम्ही एकेकानं माती टाकली. काझिकनं, मग हॅटीनं आणि पोरींनी. मी मोजे घातले नव्हते. इथली माती अजून तशीच आहे, काळी आणि खडबडीत, नखांत बसते. मी माझी मूठ टाकली. मग सवयीनं खाली वाकले आणि दुसरी मूठ उचलली, तुझी. हात वरही नेला होता.

ती मी टाकली नाही, झोशा. परत ढिगावर ठेवली. ती तुझ्या हातानं पडायची आहे. कबर पुरी बसायला, गवत यायला अजून वेळ आहे, आणि मी ऑगस्टपर्यंत इथंच आहे.

तुझी,
ब्रोन्या